टायर नवे, बसवले कुणी?

गाडीचे टायर बदलायचे ठरले की घरात आठवडाभर खल चालतो. कुठल्या कंपनीचे घ्यायचे, मेहुण्याच्या गाडीला कुठले आहेत, ऑनलाइन मागवले तर किती वाचतील, कोणते आवाज कमी करतात. छोट्या गाडीच्या चार टायरचेही वीस-पंचवीस हजार जाणार म्हटल्यावर एवढा खल हवाच. पण ते बसवणार कोण, हा विषय त्यात निघतच नाही. दुकान ठरतं ते ऑफिसच्या वाटेवर आहे म्हणून, नाहीतर तिथे एसी खोलीत बसायला मिळतं आणि चहा येतो म्हणून. मनस्ताप मात्र बहुतेक वेळा याच दुकानात पदरी पडतो. नावाजलेल्या कंपनीचा टायर कारखान्यातूनच बिघडलेला येणं तसं विरळा. तो रिमवर चढवणं, बॅलन्सिंग, नट आवळणं, अलाइनमेंट ही सगळी हातची कामं. ती करणारा पोरगा सकाळपासून गाड्यांमागून गाड्या उरकत असतो आणि पुढची गाडी दारात हॉर्न देत उभी असते.

कुठला टायर घ्यावा हे सांगणारे पुष्कळ भेटतील. दुकानात शिरल्यापासून गाडी बाहेर काढेपर्यंत काय पाहायचं, आणि तरीही काम बिघडलंच तर पुढे काय करायचं, एवढंच मी इथे सांगणार आहे.

मी पुण्याच्या एका उपनगरातल्या चकचकीत दुकानात चार टायर बसवून घेतले. बिल नीटनेटकं होतं. फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नायट्रोजन, नवे व्हॉल्व्ह, सगळ्याचे वेगवेगळे पैसे लावलेले. त्याच आठवड्यात साताऱ्याला निघालो. गाडी ऐंशीच्या पुढे गेली की स्टेअरिंग हातात थरथरायचं, साठवर आणली की शांत. परतताना शिरवळजवळ मागच्या टायरला खिळा लागला. स्टेपनी लावायला पाना नटावर बसवला आणि अंगातला सगळा जोर लावला, पण नट हलेना. पान्यावर पाय देऊन दाबलं तर नटाचे कोपरे गोल होऊ लागले. शेवटी जवळच्या ढाब्याशेजारच्या ट्रकच्या टायरवाल्यानं पान्याला हातभर लांब पाइप जोडून एकेक नट सोडवला. ‘बंदुकीनं मारलेत, नंतर कुणी हात लावलेला नाही,’ एवढंच म्हणाला. चाक खाली आल्यावर आणखी दोन गोष्टी दिसल्या. रिमच्या आतल्या बाजूला जुन्या बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं तशीच होती आणि त्यांच्या शेजारीच नवी चिकटवली होती. व्हॉल्व्हही जुनाच होता. वाकवला की त्याच्या बुडाशी रबराला बारीक चिरा दिसत होत्या.

दुकानात परत गेल्यावर काउंटरवरचे गृहस्थ हसतमुखानं म्हणाले, ‘साहेब, आपले रस्तेच असे आहेत.’ अलाइनमेंटचा कागद मागितला तर प्रिंटर बंद होता. व्हॉल्व्हचं विचारलं तर मुलांना विचारून सांगतो म्हणाले. एवढा वेळ भांडूनही ताकास तूर लागू दिली नाही. त्यांनी बॅलन्सिंग पुन्हा करून दिलं, तेही उपकार केल्यासारखं. हे सगळं टाळता येण्यासारखं होतं. त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही, काम चालू असताना गाडीपाशी उभं राहावं लागतं.

सुरुवात दुकानाच्या आधीपासून करू. टायर खरोखर संपलेत का हे आधी आपलं आपण पाहा, दुकानदाराच्या ‘साहेब, गोटा झालेत’वर जाऊ नका. टायरच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात. साइडवॉलवर टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण जिथे असेल, त्याच्या सरळ रेषेत वरच्या नक्षीत ते सापडतात. उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर कायद्यानंही संपला. पावसाळी घाटात वारंवार जाणाऱ्यानं एवढी वाट पाहू नये, ३ मिलिमीटरच्या आसपासच बदलावेत असं माझं मत आहे. पाणी कापायला खाच खोल लागते. साइडवॉलला फुगा आला असेल किंवा कट लागून आतले धागे दिसत असतील, तर नक्षी कितीही शिल्लक असो, टायर बदलायचाच. आणि एकाच कडेला झीज झाली असेल तर नवा टायर घालण्याआधी त्या झिजेचं कारण शोधायचं, नाहीतर नवा टायरही त्याच वाटेनं जाईल.

मग ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. चौकटीवर कंपनीनं चिकटवलेली पट्टी असते. टायरचा साइज आणि हवेचा दाब त्यावर दिलेला असतो. तिचा फोटो काढून ठेवा. समजा साइज १८५/६५ आर१५ ८८एच असा आहे. यात १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के ते, आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचातला व्यास. इथवर दुकानदार बरोबर देतोच, कारण चुकला तर टायर बसणारच नाही. गडबड होते ती शेवटच्या आकड्यात आणि अक्षरात. ८८ हा भाराचा आकडा, म्हणजे एक टायर ५६० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग, टी म्हणजे १९०. ‘हाच साइज आहे हो’ म्हणत ८८च्या जागी कमी आकड्याचा टायर पुढे केला जातो, कारण त्याच्याकडे तोच पडून असतो. गाडीच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत आहे त्याहून कमी आकडा किंवा खालचं अक्षर घेऊ नका. जास्त चालेल.

आता टायर किती जुना आहे ते. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांपुढे मोठा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार अंक म्हणजे जन्मतारीख: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. बऱ्याच टायरांवर हा पूर्ण क्रमांक एकाच बाजूला असतो. टायर बसल्यावर ती बाजू आत गेली तर जमिनीवर आडवं पडून टॉर्च मारावा लागतो. म्हणून टायर रिमवर चढण्याआधी, चारही टायरांवर, एकेक करून वाचा. चारही म्हणतोय ते उगाच नाही. दाखवायला वरचा एक ताजा असतो आणि खालचे तीन मागच्या वर्षीच्या गठ्ठ्यातले निघतात. सावलीत नीट ठेवलेला टायर सहा-आठ महिन्यांचा असेल तर काहीच बिघडत नाही. दीड-दोन वर्षांचा असेल तर एक तर बदलून मागा, नाहीतर दर कमी करून घ्या. वापर कितीही कमी असो, पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांच्या पुढे टायर वापरूच नये, असं टायर कंपन्या स्वतःच सांगतात. जुना माल घेतला तर ही वर्षं आपल्या खिशातून जातात. जाता जाता आयएसआयचं चिन्हही बघून घ्या. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर ते बंधनकारक आहे.

चारऐवजी दोनच टायर बदलत असाल तर एक वाद होणार हे धरून चला. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक दुकानदार नवे टायर पुढे लावतो. स्टेअरिंग पुढे, इंजिन पुढे, ब्रेकचा मुख्य भारही पुढे, म्हणून नवे टायर पुढे असं त्याचं गणित, आणि ऐकायला ते पटतंही. टायर कंपन्यांचा सल्ला मात्र उलटा आहे: नवे मागे, त्यातल्या त्यात बरे जुने पुढे. कारण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळणातून बाहेर सरकते, ड्रायव्हरला ते लगेच जाणवतं आणि वेग कमी केला की ती सावरते. मागची चाकं सटकली तर गाडी गर्रकन फिरते, आणि आपल्यासारख्याच्या हातात मग काही उरत नाही. ‘मागेच लावा’ असं स्पष्ट सांगा. दुकानदार खांदे उडवेल, उडवू द्या.

आता एसी खोलीतून उठून शेडमध्ये या. काही दुकानांत ‘ग्राहकांना आत प्रवेश नाही’ अशी पाटी असते. सुरक्षेसाठी ती योग्यही आहे, पण पट्ट्याबाहेर उभं राहून पाहण्याला कुणी हरकत घेत नाही. घेतलीच तर दुसरं दुकान बघा. अलॉय रिम असतील तर गाडी जॅकवर चढण्याआधी चारही रिमचे फोटो काढा, आणि दुकानातल्या मुलांना दिसेल असे काढा. टायर काढायच्या मशीनचा लोखंडी दांडा रिमच्या कडेवर घासला की ओरखडा उठतो. ‘आधीचाच असेल’ या उत्तराला फोटोशिवाय तोड नाही.

टायर चढवताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली, व्हॉल्व्ह. ट्यूबलेस टायरचा रबरी व्हॉल्व्ह टायरबरोबरच बदलायचा असतो. त्याची किंमत टायरच्या मानाने नगण्य, पण तो फाटला की हवा थेट बाहेर. जुने चार व्हॉल्व्ह काढलेले हातात मागा. मी आता तसंच करतो, मुलं हसतात आणि देतात. चाकात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत मात्र आधीच सांगून ठेवा, कारण तो व्हॉल्व्हच्याच मागे बसवलेला असतो आणि मशीनचा दांडा चुकीच्या जागी घुसला की तुटतो. दुसरी, दिशा. साइडवॉलवर बाण आणि रोटेशन असं लिहिलेलं असेल तर गाडी पुढे जाताना बाणाच्या दिशेनंच चाक फिरलं पाहिजे. आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेरच हवी. घाईत एक चाक उलटं बसणं फार सामान्य आहे आणि बाहेरून नुसतं बघून ते पटकन लक्षातही येत नाही. तिसरी खूण खुद्द टायरनेच दिलेली असते. रिमच्या कडेलगत साइडवॉलवर एक बारीक उठावाची रेघ गोल फिरलेली असते. हवा भरल्यावर ती रेघ आणि रिमची कड यांतलं अंतर सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे. एका जागी रेघ आत बुडालेली दिसली तर टायर तिथे नीट बसलेला नाही. हवा काढून, कडेला साबणाचं पाणी किंवा टायरची पेस्ट लावून पुन्हा भरायला सांगा.

बॅलन्सिंगकडे खास लक्ष द्या, कारण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त हातचलाखी इथेच होते. चाक मशीनवर फिरतं आणि आतल्या-बाहेरच्या बाजूला किती ग्रॅम वजन कमी आहे ते पडद्यावर दिसतं. मग तेवढं वजन लावायचं: लोखंडी रिमला कडेवर ठोकून, अलॉयला आतून चिकटवून. त्याआधी जुनी सगळी वजनं काढून ती जागा पुसायला हवी. नाहीतर नवं वजन धुळीवर चिकटतं आणि पहिल्याच धुलाईत गळून पडतं, किंवा माझ्या चाकासारखं जुन्याच्या शेजारी जाऊन बसतं. वजन लावल्यावर चाक दुसऱ्यांदा फिरवून पडद्यावर दोन्ही बाजूंना शून्य दिसलं पाहिजे. ही दुसरी फेरी घाईच्या दुकानात सर्रास गाळली जाते. ‘एकदा फिरवून दाखव रे,’ एवढंच म्हणा. छोट्या गाडीच्या एका चाकाला साठ-सत्तर ग्रॅमपेक्षा जास्त वजन लागतंय असं दिसलं, तर ते लावून टाकण्याआधी टायरची हवा काढून तो रिमवर अर्धा फेरा फिरवायला सांगा. पुष्कळदा वजन तेवढ्यानंच उतरतं. काही नव्या टायरांवर पिवळा ठिपका असतो, तो टायरची सर्वांत हलकी जागा दाखवतो. टायर बसवताना तो व्हॉल्व्हलगत आला की वजन मुळातच कमी लागतं. ही गोष्ट माहीत असलेला पोरगा भेटला तर त्याला चांगली बक्षिशी द्या.

शहरात चाळीसच्या वेगानं फिरणाऱ्याला बॅलन्सिंगमधली चूक महिनोन्‌महिने कळत नाही. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. तिथे कारला १२०ची मर्यादा आहे. तासन्‌तास त्या वेगानं काँक्रीटवर धावताना टायरची आणि ते बसवणाऱ्याचीही परीक्षाच होते. तिथे जाणार असाल तर काम आदल्या संध्याकाळी करून घेऊ नका. आठवडाभर आधी करा आणि मधल्या दिवसांत एकदा बाह्यवळण रस्त्यावर गाडी पळवून बघा.

नटांची गोष्ट सांगितलीच आहे. हवेच्या बंदुकीनं नट चढवायला हरकत नाही, शेवटचं आवळणं मात्र टॉर्क पान्यानं व्हायला हवं. किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. छोट्या गाड्यांना तो आकडा साधारण शंभराच्या अलीकडे-पलीकडे असतो. त्याहून फार जास्त आवळले तर बोल्ट ताणले जातात, ब्रेकची तबकडी वाकू शकते आणि रस्त्यात स्टेपनी लावायची वेळ आली की नट निघत नाहीत. सैल राहिले तर काय होतं ते सांगायला नको. नट समोरासमोरचे, आलटूनपालटून आवळायचे, ओळीनं नाही. दुकानात टॉर्क पानाच नसेल (पुष्कळ ठिकाणी नसतो, किंवा भिंतीवर शोभेला टांगलेला असतो), तर गाडीतला स्वतःचा पाना काढा आणि प्रत्येक चाकाचा एक नट तिथेच सोडून पुन्हा आवळून बघा. तुमच्या हाताला निघाला तर रस्त्यातही निघेल. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर सगळे नट एकदा तपासून घ्या. अलॉय रिमच्या बाबतीत हे विसरू नका.

आता अलाइनमेंट. यंत्र गाडीच्या चारही चाकांचे कोन मोजतं: टो, कॅम्बर आणि कॅस्टर. पडद्यावर बरोबर असलेला आकडा हिरवा, चुकलेला लाल. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढच्या चाकांचा टो तेवढा फिरवता येतो. मागच्या चाकांचे कोन आणि पुढचा कॅम्बर बदलायची सोयच कंपनीनं ठेवलेली नसते. आणि नेमका कॅम्बरच लाल दाखवून ‘करेक्शन करावं लागेल साहेब’ असं म्हणत वेगळे पैसे लावले जातात. हे करेक्शन म्हणजे सस्पेन्शनचा भाग जॅक किंवा साखळी लावून थेट वाकवणं. कंपनीच्या पुस्तिकेत असलं काही नसतं. कॅम्बर खरंच चुकला असेल तर एखादा भाग वाकलाय किंवा झिजलाय असा त्याचा अर्थ, आणि तो भाग बदलायचा असतो. दुकानदारानं ‘लिंक रॉड गेलाय’, ‘बॉल जॉइंट वाजतोय’ असं सांगितलं तर चाक हातानं हलवून दाखवायला सांगा आणि तिथेच हो म्हणू नका. टायरच्या दुकानात सस्पेन्शनचं काम करून घेण्याआधी आपल्या नेहमीच्या मेकॅनिकला विचारायला एक फोन पुरतो.

सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे असलेला कागद मागा, आणि पैसे देण्याआधी मागा. प्रिंटर बंद असेल तर पडद्याचा फोटो काढा. काम झाल्यावर सरळ, सपाट रस्त्यावर गाडी चालवून बघा. गाडी सरळ जाते पण स्टेअरिंग वाकडं, याचा अर्थ टो लावताना स्टेअरिंग मध्यावर धरून ठेवलं नव्हतं. हे काम परत करून द्यायलाच हवं, त्याचे पैसे वेगळे नाहीत.

नायट्रोजनवर फार वेळ घालवणार नाही. आपण श्वासात घेतो त्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. रोजच्या वापरात खरं महत्त्व योग्य दाबाला. फुकट भरत असतील तर भरा, पैसे मागितले तर साध्या हवेनंही गाडी उत्तम चालते. पण दाब त्या दरवाज्यावरच्या पट्टीप्रमाणेच भरायला लावा. टायर रिमवर बसवताना दाब जास्त द्यावा लागतो आणि तो नंतर उतरवायचं पुष्कळदा राहून जातं. चारही चाकांत चाळीसच्या वर दाब घेऊन लोक घरी जातात आणि ‘नवे टायर फार आदळतात’ म्हणून कंपनीला नावं ठेवतात.

बिलाच्या बाबतीत ‘बिल नको असेल तर कमी करून देतो’ हा जुना मंत्र अजून चालतो. कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्या मंत्रात पूर्वीइतकी गोडीही राहिलेली नाही. बिल नसेल तर वॉरंटी मागायला जागा नाही आणि तक्रारीलाही आधार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं हीच एक अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर प्रत्येक टायरचा क्रमांक, गाडीचा नंबर, त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग आणि प्रत्येक कामाचा वेगळा दर लिहून घ्या. जुन्या टायरचे किती धरले, तेही. जुन्यांतला सर्वांत बरा टायर स्टेपनीसाठी ठेवायचा असेल तर आधीच खडूनं खूण करा, नंतर ढिगातून तो सापडत नाही.

घरी आल्यावर लक्षणं ओळखता आली पाहिजेत, नाहीतर दुकानदार भलतंच दुखणं सांगून भलताच उपाय विकतो. ऐंशी ते शंभरच्या वेगात स्टेअरिंग थरथरलं तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग, सीट थरथरली तर मागच्या. कमी वेगातही धबधब असा एकसुरी धक्का बसत असेल तर टायर नीट बसलेला नाही किंवा त्याच्यातच दोष आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवेचा दाब बघा. दाब ठीक असेल तर पुढची दोन चाकं आपसात अदलाबदल करून पाहा (दिशेचा बाण असलेल्या टायरांना हे करता येत नाही). ओढ उलट्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये, तीच राहिली तर अलाइनमेंटमध्ये. एकाच चाकाची हवा दोन-चार दिवसांनी उतरत असेल तर व्हॉल्व्ह आणि रिमची कड यांवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे जागा दाखवतील. नवा टायर पहिले दोनेकशे किलोमीटर थोडा निसरडा वाटतो, तेव्हा ब्रेक जपून लावायचे. हा दोष समजायचा नाही.

काम बिघडलंय हे कळलं की पुष्कळ जण रागारागात दुसऱ्या दुकानात जाऊन सगळं नव्यानं करून घेतात. गाडी ठीक होते आणि पुरावा नाहीसा होतो. दुसऱ्या दुकानात जरूर जा, पण आधी फक्त मोजमाप करायला सांगा. चाक मशीनवर चढवून किती ग्रॅमचा फरक दिसतो, अलाइनमेंटचे सुरुवातीचे आकडे काय, याचा तारीख असलेला कागद घ्या, फोटो काढा आणि मगच दुरुस्ती. टायरमध्ये दोष वाटत असेल तर मात्र दुकानाशी हुज्जत न घालता थेट कंपनीकडे दावा करा. विक्रेत्यामार्फत कंपनीचा माणूस टायर तपासतो आणि दोष मान्य झाला तर उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात भरपाई किंवा नवा टायर देतो. कट लागणं, कमी हवेवर चालवणं याला ही वॉरंटी साधारणपणे लागू होत नाही. ‘काहीही झालं तरी’ अशी वेगळी वॉरंटी काही कंपन्या देतात, पण तिची नोंदणी ठरावीक मुदतीत करावी लागते. ती दुकानातच उभ्या उभ्या करून घ्या.

ऑनलाइन घेतलेले टायर भागीदार दुकानात बसवले असतील तर विकणारा म्हणतो बसवणाऱ्याला विचारा, बसवणारा म्हणतो ज्यांनी विकले त्यांना विचारा, आणि दोघेही काखा वर करतात. पैसे ज्याला दिले त्याला धरा. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांप्रमाणे अशा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो.

दुकान ऐकतच नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि तिथून दुकानाला किंवा कंपनीला विचारणा जाते. मोठ्या साखळी दुकानांवर आणि टायर कंपन्यांवर याचा परिणाम होतो, एकट्या-दुकट्या दुकानावर कमी. मार्गदर्शन हवं असेल तर १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत किंवा आपल्या जिल्ह्यातली ग्राहक पंचायत आहे. त्याही पुढे जायचं तर जिल्हा ग्राहक आयोग. व्यवहार झाला ते शहर सोडून आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज भरता येतो. मुदत दोन वर्षांची. मागणी मात्र बेताची ठेवा: पुन्हा केलेल्या कामाचा खर्च, खराब झालेले नट-बोल्ट, रिमचा ओरखडा, न केलेल्या कामाचे घेतलेले पैसे. पंचवीस हजारांच्या टायरसाठी पाच लाखांच्या मानसिक त्रासाची भरपाई मागितली की तक्रारीचं वजनच जातं.

त्याआधी दुकानाला एक पानाचं पत्र द्या. बिल क्रमांक, तारीख, कोणतं काम सांगितलं होतं, प्रत्यक्षात काय सापडलं, दुसऱ्या दुकानाचं मोजमाप काय म्हणतं, तुम्हाला काय हवंय आणि पंधरा दिवसांत हवंय, एवढंच त्यात लिहा. राग, टोमणे, ‘तुमच्यासारख्या दुकानांमुळे’ वगैरे गाळा. प्रतीवर शिक्क्यासह पोच मागा. द्यायला नकार दिला तर तेच पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती बिलाला टाचून ठेवा. माझ्या ओळखीतल्या दोघांचे पैसे या पत्रावरच परत आले, आयोगापर्यंत जावं लागलं नाही.